उरलेला वेळ कोणाचा?

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे, असे मत मांडले आणि देशभर वादाचे मोहोळ उठले. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रमण्यन यांची 90 तासांची भाषा चर्चेत आली, तेव्हा त्या वादाला पुन्हा धार चढली. दोन्ही वेळी जे लिहिले-बोलले गेले ते प्रामुख्याने नोकरदारांविषयी होते. मालकाने नोकरदाराकडून किती काम घ्यावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु आपल्या समाजात असाही एक वर्ग आहे, ज्याला मालक नाही, हजेरीपट नाही, रजेचा अर्ज नाही. आणि म्हणूनच ज्याच्या कामाच्या तासांविषयी वाद घालायलाही कोणी नाही. सनदी लेखापाल, करसल्लागार, वकील, वास्तुविशारद, बांधकाम अभियंते, व्यवस्थापन सल्लागार, स्वतंत्रपणे काम करणारे संगणकतज्ज्ञ, असा हा सल्लागारांचा वर्ग आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने कामगाराच्या आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. सल्लागाराला ती मर्यादा स्वतःच घालून घ्यावी लागते आणि बहुतेक वेळा ती घातली जात नाही.

हा त्या वर्गाचा खासगी प्रश्न आहे, असे म्हणून तो सोडून देता येणार नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी जावे आणि तेथील शाळेची कार्यकारिणी, रक्तपेढीचे विश्वस्त मंडळ, नागरी सहकारी बँकेचे संचालक, सार्वजनिक वाचनालयाचे चिटणीस आणि व्याख्यानमालेचे आयोजक यांची यादी पाहावी. तीत वकील, लेखापाल आणि डॉक्टर यांची नावे हटकून आढळतात. गावाचे सार्वजनिक जीवन ज्या थोड्या खांद्यांवर उभे असते, त्यांपैकी बरेच खांदे या वर्गाचे आहेत. तो वर्ग व्यवसायाच्या ओझ्याखाली वाकला, तर केवळ काही घरांचे स्वास्थ्य बिघडते असे नाही. गावातील संस्थाही एकेक करून निराधार होऊ लागतात.

या व्यवसायाचे वेळापत्रकच मोठे विलक्षण आहे. करसल्लागाराचा महिना 7 तारखेला उद्गम कराच्या भरण्याने सुरू होतो आणि 20 तारखेला वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्राने त्याची दमछाक होते. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या चार महिन्यांची 15 तारीख आगाऊ कराची असते. लेखापरीक्षणाचा ऐन हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. याच काळात गणपती, पितृपक्ष, नवरात्र आणि दिवाळी येतात. म्हणजे ज्या दिवसांत कुळाचार सांभाळायचा, सासरी गेलेल्या मुली माहेरी यायच्या, पितरांचे स्मरण करायचे, नेमके त्याच दिवसांत घरचा कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री रात्री अकरापर्यंत कचेरीत असते. आरतीची वेळ ठरलेली असते. पण तिला उभे राहणाऱ्याचे लक्ष हातातल्या भ्रमणध्वनीकडे असते. हे चित्र आता इतके सवयीचे झाले आहे, की त्यात कोणाला काही वावगेही वाटेनासे झाले आहे.

याचे मूळ व्यवसायाच्या वाढीच्या स्वरूपात आहे. दुकानदाराचा माल वाढतो, कारखानदाराची यंत्रे वाढतात. सल्लागार मात्र स्वतःचा वेळ विकतो आणि वेळ वाढवता येत नाही. आठवड्याचे तास 168. त्यांतून झोपेचे 56 वजा केले, तर उरतात 112. व्यवसायाने त्यांतले 70 घेतले, तर स्नान-भोजन, प्रवास, आजारपण, बाजारहाट, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची विचारपूस आणि समाजाचे काम या सर्वांसाठी मिळून 42 तास राहतात. दिवसाला सहा. हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. परंतु इतरांच्या ताळेबंदातील रुपयाची चूक शोधणारे कितीतरी जाणकार स्वतःच्या आयुष्याचा हा ताळेबंद कधी मांडत नाहीत.

सुरुवातीला दहा-पंधरा अशील असतात, घराच्या पुढच्या खोलीत कचेरी असते आणि आलेल्या कोणालाही नाही म्हणण्याची सोय नसते. ते योग्यच असते. अडचण पुढे सुरू होते. दहाचे दोनशे अशील होतात, कचेरी बाजारपेठेत जाते, हाताखाली मदतनीस येतात. पण नाही म्हणण्याची अक्षमता मात्र तशीच राहते. कमी शुल्कात जास्त कामे घ्यायची, उधारी साचू द्यायची, ती भरून काढण्यासाठी आणखी कामे घ्यायची, आणि प्रत्येक कागद स्वतःच्या डोळ्यांखालून गेला पाहिजे, या हट्टापायी कोणालाही तयार करायचे नाही. याला वाढ म्हणत नाहीत, ही केवळ सूज आहे. खरी वाढ कामाचा दर्जा उंचावून योग्य शुल्क घेण्यात, भागीदार जोडण्यात आणि दुसरी फळी उभी करण्यात असते. ज्याच्या अनुपस्थितीत आठ दिवस कचेरी चालत नाही, त्याने व्यवसाय उभारला आहे की स्वतःसाठी एक अवघड नोकरी निर्माण केली आहे, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

मर्यादा ही कल्पना या क्षेत्राला परकीही नाही. 1949 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय सनदी लेखापाल संस्थेने आपल्या सदस्यांवर बंधन घातले आहे, की ठरावीक प्रकारची कर-लेखापरीक्षणे एका सदस्याने एका वर्षात 60 पेक्षा जास्त स्वीकारू नयेत. हेतू उघड आहे. माणसाच्या क्षमतेला सीमा असते आणि ती ओलांडली की कामाचा दर्जा घसरतो. ज्या व्यवसायाने सहीच्या बाबतीत हे तत्त्व मान्य केले, त्या व्यवसायातील माणसाने ते आपल्या देहाच्या आणि घराच्या बाबतीत का अमान्य करावे? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 तास वा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयरोगाने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो. कर्त्या माणसाचा पन्नाशीतला मृत्यू हा कोणत्याही वाढीव उलाढालीने भरून निघणारा तोटा नव्हे.

आता समाजकार्याचा विचार करू. व्यवसायात स्थिरावलेल्या सल्लागाराला समाजासाठी काही करावे असे मनापासून वाटते, ही आपल्या संस्कारांची देणगी आहे. प्रश्न फक्त काय करावे आणि कोणाच्या वाट्याचे करावे, एवढाच आहे. बहुतेकांची वाट देणगीच्या धनादेशाकडे किंवा संस्थेच्या अध्यक्षपदाकडे जाते. दोन्हींची गरज असते. परंतु पैसा इतरही देऊ शकतात. सल्लागाराजवळ जे आहे, ते मात्र सर्वांकडे नसते.

त्याचे कौशल्य कोठे हवे आहे, ते पाहा. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार महाराष्ट्रातील विश्वस्त संस्थांना दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि विश्वस्त बदलले की 90 दिवसांच्या आत फेरफार अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. जुन्या वाचनालयांच्या, व्यायामशाळांच्या, गावदेवीच्या देवळांच्या बाबतीत वर्षानुवर्षे हे राहून जाते. नोंदीवरचे विश्वस्त दिवंगत झालेले असतात, नव्यांची नावे लागलेली नसतात, बँक खात्याचे व्यवहार अडतात आणि चांगली चालणारी संस्था केवळ कागदांअभावी थांबते. 2021 पासून संस्थांची करसवलतीची नोंदणी कायमची राहिलेली नाही, ती ठरावीक मुदतीने नव्याने करावी लागते. शेतकरी उत्पादक कंपन्यांचेही असेच आहे. गावचे शेतकरी उमेदीने कंपनी स्थापन करतात आणि कंपनी निबंधकाकडे वार्षिक पत्रके भरायची असतात, हेच त्यांना ठाऊक नसते. 2018 पासून अशा पत्रकांना दिवसाला 100 रुपये विलंबशुल्क लागू झाले. वर्षभराचा उशीर झाला, तर एकेका पत्रकामागे 36,500 रुपये. कांदा-हळद विकून मिळवलेला पैसा अज्ञानापोटी जातो. येथे एका जाणकाराचे महिन्यातले चार तास जे काम करतील, ते लाखाची देणगीही करू शकणार नाही.

चार तास हा आकडा सहज घेतलेला नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक दायित्वासाठी खर्च करणे बंधनकारक केले आणि 1 एप्रिल 2014 पासून ती तरतूद अमलात आली. सल्लागारांच्या भागीदारी संस्था आणि एकट्याच्या कचेऱ्या या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. पण सज्जनाला कायद्याची वाट पाहावी लागू नये. वर्षाचे कामाचे 2400 तास धरले, तर त्यांचे दोन टक्के म्हणजे 48 तास, महिन्याला चार. हे चार तास व्यवसायाच्या वेळेतून द्यायचे आहेत, घराच्या वेळेतून नव्हेत. या प्रश्नाचे मर्म नेमके येथेच आहे.

कारण आज घडते ते उलट. सोमवार ते शनिवार व्यवसायाचे आणि रविवार संस्थेचा. व्यवसायाच्या 60-70 तासांना कोणी हात लावत नाही. समाजासाठी दिलेला प्रत्येक तास कुटुंबाच्या वाट्यातून कापला जातो. मग दान कोणी दिले? सत्कार ज्याचा झाला त्याने, की शाल-श्रीफळ घेऊन तो घरी परतेपर्यंत सासूबाईंची औषधे, मुलाची परीक्षा, गॅसचे सिलिंडर आणि आलेगेले पाहुणे हे सगळे एकटीने निभावणाऱ्या त्याच्या पत्नीने? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातील विनावेतन काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे आणि असे काम करणारे पुरुष 88 मिनिटे देत असल्याचे आढळले. पुरुषाच्या सार्वजनिक जीवनाचा पाया कोणाच्या वेळेवर रचला गेला आहे, हे या दोन आकड्यांत दिसते. घरातल्या व्यक्तीला न विचारता तिच्या खात्यातून काढून दिलेली रक्कम दान ठरत नाही. वेळेलाही तोच न्याय लागू आहे. आणि जी स्त्री स्वतःच सल्लागार आहे, तिची तर दुहेरी कोंडी होते. तिच्या व्यवसायाचे तास वाढतात, घराचे कमी होत नाहीत आणि समाजकार्याची तिची इच्छा 'पुढे पाहू' या दोन शब्दांत संपते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ज्यांनी समाजासाठी घरादारावर तुळशीपत्र ठेवले, त्यांचा आदर्श आपण मानतो. मग कुटुंबाचा एवढा विचार कशासाठी? हा आक्षेप गोंधळातून आलेला आहे. संन्यासी किंवा आजन्म अविवाहित राहून काम करणारा कार्यकर्ता आपले व्रत आरंभीच, उघडपणे आणि स्वतःच्या जिवावर घेतो. त्याने कोणाचा हात हातात घेऊन वचन दिलेले नसते. गृहस्थाने ते दिलेले असते. विवाहविधीत वर धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत पत्नीला न डावलण्याचे वचन देतो, ते केवळ मंत्रापुरते नसते. संन्याशाचे व्रत गृहस्थाला उसने घेता येत नाही, आणि घेतलेच तर त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. आपल्या परंपरेने गृहस्थाश्रमाला इतर तिन्ही आश्रमांचा आधार मानले आहे. तो आधारच डळमळला, तर वरची इमारत किती काळ टिकणार? समर्थ रामदासांनी स्वतः लग्नमंडप सोडला. पण संसारी माणसाला उपदेश करताना मात्र प्रपंच नीट सांभाळण्याचाच आग्रह धरला. हा भेद समर्थांना कळत होता, तो आपल्यालाही कळायला हवा.

घर आणि समाजकार्य यांच्यात वैर असलेच पाहिजे, असेही नाही. एकोणिसाव्या शतकातील पुण्याकडे पाहिले, तर याच व्यावसायिक वर्गातील माणसांनी काढलेला मार्ग दिसतो. गणेश वासुदेव जोशी हे पेशाने वकील. 1870 मध्ये पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, तीत त्यांचा पुढाकार होता आणि लोकांनी त्यांना 'सार्वजनिक काका' हे नाव दिले. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावरील खटल्यात, सरकारचा रोष पत्करून, ते बचावासाठी उभे राहिले. त्यांची वकिली हेच त्यांच्या देशसेवेचे साधन होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही पुण्यात 'स्त्रीविचारवती' ही महिलांची सभा चालवली. लोकमान्य टिळकांनी 1890 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर कायद्याचे वर्ग चालवून चरितार्थाची सोय केली. न्यायमूर्ती रानडे यांनी घरातील विरोध असतानाही रमाबाईंना शिकवले. आपल्या सार्वजनिक जीवनाच्या बाहेर त्यांना ठेवले नाही. त्या शिक्षणापायी रमाबाईंना घरातल्याच स्त्रियांची बोलणी सोसावी लागली, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. म्हणून त्या काळाचे भाबडे कौतुक करण्याचे कारण नाही. पण 1901 मध्ये न्यायमूर्ती गेल्यानंतर, 1909 मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम उभे राहिले, ते ज्या रमाबाईंनी उभे केले, त्या अशाच घरात घडल्या होत्या, हे विसरता येत नाही. कुटुंबाला डावलून केलेले कार्य बहुधा कर्त्याबरोबर संपते. कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या कार्याला वारस मिळतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो जास्त प्रामाणिक आहे. घराचे हप्ते, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, वाढती स्पर्धा आणि मोठ्या कंपन्यांच्या साधनांपुढे एकट्या सल्लागाराची होणारी दमछाक या स्थितीत मर्यादेचा उपदेश परवडणार कोणाला? पहिल्या दहा वर्षांतल्या तरुणाला तो पूर्णपणे परवडणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. त्याने महिन्याला चार तासांऐवजी एकच तास द्यावा. पण तो एक द्यावा. शून्य देऊ नये. 'आधी स्थिरावतो, पन्नाशीनंतर समाजाचे आणि घराचे पाहतो' असे म्हणणाऱ्यांची पन्नाशी येते, तेव्हा मुले परगावी किंवा परदेशी गेलेली असतात, आईवडील राहिलेले नसतात आणि ज्या संस्थेत काम करायचे, तिथली माणसे अनोळखी झालेली असतात. वेळ साठवून ठेवता येत नाही. त्याला मुदत ठेव नाही आणि व्याजही नाही.

सेवेच्या नावाखाली होणाऱ्या एका गैरप्रकाराचाही येथे उल्लेख करायला हवा. संस्थेच्या व्यासपीठाचा उपयोग अशील मिळवण्यासाठी करणे, विश्वस्त म्हणून निर्णय घ्यायचा आणि स्वतःच्याच कचेरीला काम द्यायचे, किंवा फुकट आहे म्हणून संस्थेचे काम हाताखालच्या नवशिक्या मुलावर ढकलून द्यायचे, हे प्रकार सर्रास घडतात. ज्याच्याकडून पैसे घेत नाही, त्याचे काम पैसे देणाऱ्याइतकेच वेळेवर आणि चोख झाले पाहिजे. तेवढे जमत नसेल, तर संस्थेला स्पष्ट नकार देणे हीदेखील सेवाच आहे. खोट्या आशेवर राहून मुदत चुकवण्यापेक्षा संस्था दुसरा माणूस शोधू शकते.

उपाय अवघड नाहीत. ते आधी ठरवावे लागतात, एवढेच. वर्षाच्या आरंभी, कामे स्वीकारण्यापूर्वी, तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. पहिली, व्यवसायाची कमाल मर्यादा: किती अशील, किती तास, आणि कोणते काम घ्यायचे नाही. दुसरी, समाजकार्याची किमान मर्यादा: कोणती एक संस्था, महिन्यातले कोणते चार तास. दहा संस्थांच्या पत्रिकांवर नाव असण्यापेक्षा एका संस्थेचे हिशेब चोख असणे मोलाचे. तिसरी, घराची राखीव वेळ. आणि ही घरच्या सर्वांनी मिळून ठरवावी, कर्त्याने एकट्याने जाहीर करू नये. वर्षाच्या दिनदर्शिकेत विवरणपत्रांच्या तारखा लाल शाईने लिहिल्या जातात. त्याच शाईने घटस्थापना, वडिलांचे श्राद्ध, मुलीचा परीक्षेचा निकाल आणि आईच्या डोळ्यांची तपासणीही लिहावी. सरकारने मुदत वाढवून दिली, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. या तारखांना मुदतवाढ मिळत नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'शुभ-लाभ' लिहिण्याची रीत आजही अनेक कचेऱ्यांत पाळली जाते. आपल्या पूर्वजांनी लाभ त्याज्य मानला नाही, त्याला पहिल्या पानावर स्थान दिले. फक्त शुभ त्याच्या आधी लिहिले. यंदा वही उघडताना प्रत्येक सल्लागाराने तो क्रम आपल्या वर्षाच्या वेळापत्रकातही उतरला आहे की नाही, ते एकदा तपासून पाहावे. इतरांचे हिशेब तपासणाऱ्याला हे काम कठीण जाऊ नये.